न उघडलेलं स्टेशन

शनिवारचा पेपर आला की काशीराम घाडी आधी आतलं पान उघडत. उद्या रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघायला. राजकारण, क्रिकेट, सोन्याचा भाव, सगळं त्यानंतर. गुडघे गेल्यापासून मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या दुकानापर्यंत जाणंही त्यांना नकोसं होई, पण ब्लॉक वाचणं काही सुटलं नव्हतं.

“उद्या हार्बरला आहे,” ते हॉलमधून मोठ्याने सांगत.

“असू दे,” मालन स्वयंपाकघरातून म्हणे. “आपल्याला कुठे जायचंय?”

पूर्वी जायचं असे. जवळजवळ दर रविवारी. आणि ते जाणंही काशीरामांच्या पद्धतीचं.

मालन लग्न होऊन कणकवलीकडच्या वाडीतून मुंबईत आली तेव्हा काशीराम परळच्या गिरणीत होते आणि मुलुंडला चाळीत एक खोली घेऊन राहत. बरोबरचे कामगार म्हणत, लालबाग-परळ सोडून त्या जंगलात कशाला मरायला गेलास? काशीराम म्हणत, खिडकीतून डोंगर दिसतो. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, “काय गो, मुंबय बघूक येतंस?” मालनने घाईघाईने लग्नातली जांभळी साडी नेसली. तिला वाटलं राणीची बाग, नाहीतर चौपाटी. काशीरामांनी तिला दादरला गाडी बदलून बोरिवलीला नेलं, स्टेशनच्या पुलावर उभं केलं आणि दोन्हीकडे हात करून सांगितलं, “ही पूर्व. ही पश्चिम. तो डोंगर दिसता ना, थंय वाघ आसत.” मग दोघं खाली फलाटावरच्या बाकावर बसली, तिने डब्यात आणलेले पोहे खाल्ले आणि परतीच्या गाडीत चढली.

“स्टेशनच्या बाहेर नाही जायचं?” तिने धीर करून विचारलं होतं.

“भायर आपला कोण आसा?” काशीराम म्हणाले.

यात काही विनोद नव्हता. त्यांच्या वाडीत परका माणूस शिरला की पहिल्या अंगणातूनच आवाज येई, खंय चललास, कोणाकडे? ज्याच्याकडे उत्तर आहे तो पुढे जाई, ज्याच्याकडे नाही तो ओशाळून उभा राही. काशीराम लहानपणापासून ही रीत बघत आले होते. मुंबईत असं कुणी विचारत नाही हे मालनला महिन्याभरात कळलं. काशीरामांनाही कळलंच असणार. पण विचारत नाहीत म्हणून काय झालं, असं त्यांचं म्हणणं. ज्या गावात आपलं कुणी नाही ते गाव वेशीवरून बघावं. आणि मुंबईतल्या गावांची वेस म्हणजे स्टेशनचा पूल.

तर अशी मालनने मुंबई बघितली. पुलापुलावरून. काशीराम दोघांची परतीची तिकिटं काढत. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की गाड्या रिकाम्या धावायच्या, पंखे उगाच फिरत असायचे. काशीराम उन्हाची बाजू सोडून, वारा येईल ती खिडकी तिला देत आणि स्वतः समोर बसत. गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊ द्यायची, सगळे उतरले तरी आपण बसून राहायचं, आणि तीच गाडी उलटी फिरली की येताना दुसरी बाजू बघायची. त्यामुळे मालनला प्रत्येक ठिकाणचे दोन्ही अंगांचे देखावे पाठ झाले. पार्ल्याला गाडी हळू झाली की बिस्किटांचा गोड वास डब्यात येई आणि लहान मुलं आयांच्या मांडीवर उभी राहून नाकं फुगवत. मानखुर्दला तेव्हा गाडी संपायची. पुढे नुसती खाडी, तिवरं आणि कधी एखादा बगळा. मालनला ते फार आवडे. ती म्हणे, “इथे आपल्याकडच्यासारखा वास येतो.” काशीराम म्हणत, “चिखलाचो वास सगळीकडे सारखोच.” पण गाडी फिरेपर्यंत तेही तिकडेच बघत बसायचे.

मग हळूहळू स्टेशनं उघडायला लागली. हा शब्द मालनचा. तिची बहीण शकु लग्न होऊन घाटकोपरला आली आणि पहिल्यांदा मालन-काशीरामांनी पुलाच्या पायऱ्या उतरून बाहेरचा रस्ता बघितला. “घाटकोपर उघडलं,” मालन म्हणाली. काशीरामांचा चुलतभाऊ मार्तंड पार्ल्याला एका डॉक्टरकडे कंपाउंडर म्हणून लागला, तेव्हा पार्लं उघडलं. पुढे गिरण्यांचा संप झाला. तो लांबला, आणि परळची माणसं वाऱ्यावर उडाल्यासारखी कुठे कुठे जाऊन पडली. काशीराम मुलुंडच्याच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. त्यांच्या खात्यातला एक जण मानखुर्दला गेला, एकाने अंधेरीला भाजीची गाडी लावली, एक बोरिवलीला मेव्हण्याच्या आश्रयाला. वाईट दिवस होते. पण त्याच दिवसांत रविवारी दुपारी ही दोघं एकेका स्टेशनच्या पायऱ्या उतरत होती, कुणाच्या तरी दारात चहा पीत होती. त्या वाघांच्या बोरिवलीत मालन पहिल्यांदा रस्त्यावर उतरली ती याच काळात.

“संपानं पोटावर मारलं,” काशीराम एकदा म्हणाले होते, “पण मुंबय उघडली.”

प्रीतम झाला, तो पाळण्याऐवजी गाडीतच वाढला म्हणायचा. बोलायला लागल्यावर आधी स्टेशनं म्हणायला शिकला, मग पाढे. खिडकीत उभा राहून तो प्रत्येक ठिकाणी बापाला विचारी, “बाबा, इथे आपलं कोण?” काशीराम नाव सांगत. नाव नसलं तर म्हणत, “अजून कोण नाय. बघू.” खार रोडला तर कधीच कुणी नव्हतं. प्रीतमने विचारायचं आणि काशीरामांनी मान हलवायची, इतकं ते ठरून गेलं होतं.

आणि आता तिथेच प्रीतम राहत होता.

प्रीतम एसीची दुरुस्ती करी. वांद्रे, खार, सांताक्रूझ, सगळी कामं त्याच बाजूची. अशाच एका कामावर त्याची खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या कल्पिताशी ओळख झाली. ती आईच्या मासळीच्या धंद्याच्या ऑर्डरी मोबाइलवर घेई आणि घरोघरी पोचवी. लग्न झालं, दोन्हीकडची माणसं जेवून गेली, कुणी नाक मुरडलं नाही. पण काही महिन्यांनी प्रीतम म्हणाला की दांड्याला कल्पिताच्या वडिलांची, धर्मांची, वरची खोली रिकामी आहे, तिकडे राहायला जातो. रोज मुलुंडहून हत्यारांची पिशवी घेऊन जाणं होत नाही.

“सासऱ्याच्या घरात?” काशीराम म्हणाले.

“वरची खोली वेगळी आहे, बाबा. जिनापण वेगळा.”

“जिनो वेगळो म्हणान घर वेगळा होत नाय.”

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मालनला पुढे कितीदा वाटलं. प्रीतम गेला. मग निधी झाली. दिवाळीला, गणपतीला तिघं मुलुंडला येत, बापलेक क्रिकेटवर बोलत, जाताना प्रीतम चपला घालता घालता म्हणे, “या ना कधीतरी तिकडे.” दार लागलं की काशीराम म्हणत, “कधीतरी या म्हणजे काय बोलावणा? घर धर्माचा. धर्मान नाय तर त्याच्या बायकोन सांगूक होया.” मालनने एकदा हे फोनवर प्रीतमच्या कानावर घातलं. तो उखडला. “माझ्याकडे यायला तुम्हाला सासऱ्याचं आमंत्रण पाहिजे? यार आई, कमाल करता तुम्ही.” पुढे तिने विषय काढला नाही.

मात्र एक झालं. तेव्हापासून रविवारच्या फेऱ्या खार रोडकडेच वळायला लागल्या. काशीराम ब्लॉक बघून म्हणत, “आज वेस्टर्नला जाऊया. खारच्या पुलावर वारो बरो येता.” वारा बिरा काही नव्हता. जेवढा इतर पुलांवर, तेवढाच. पश्चिमेच्या पायऱ्यांच्या तोंडाशी काशीराम उभे राहत. तिथून काही दिसतही नसे, समुद्र तर नाहीच. रिक्षा, फळवाले, आणि दांड्याकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तो कोपरा. मालन शेजारी उभी राही. मुलगा त्या वळणापलीकडे जेवून झोपला असेल, नाहीतर पोरीला खेळवत असेल, असं काहीतरी तिच्या मनात येई. मग काशीराम म्हणत, “चल, गाडी इली.”

गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून प्रीतमचं येणं अचानक थांबलं. सणाला कामाचं निमित्त, गणपतीला ताप. फोन येई, तोही मालनला, तोही दोन मिनिटांचा. त्यातच काशीरामांचे गुडघे गेले आणि पुलाचे जिने बंद झाले.

परवाच्या फोनवर प्रीतम सहज बोलून गेला की सासऱ्याच्या बोटीवरचा एक खलाशी गावी गेलाय, म्हणून तो स्वतः एकदा बोटीवर गेला होता. त्याला पोहता येत नव्हतं. लहानपणी गावच्या वहाळात तो गुडघाभर पाण्यात रडला होता, हे मालनला स्वच्छ आठवत होतं. फोन ठेवल्यावर तिने काशीरामांकडे बघितलं. ते पेपरात डोकं घालून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

त्या रविवारी सकाळी मालन म्हणाली, “मी जरा शकुकडे जाऊन येते घाटकोपरला.”

“जा.”

तिने पिशवीत गावाहून आलेली सोलं भरली, कुळथाचं पीठ भरलं. काशीराम बघत होते. घाटकोपरच्या बहिणीला या दोन्ही गोष्टी गणपतीतच पोचल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. ती दाराशी गेली तेव्हा म्हणाले, “ब्लॉक हार्बरला आसा. तुका अडचण नाय. डावीकडची खिडकी घी. आणि दादरला पुलावर घाई करू नको.”

“बरं,” मालन म्हणाली.

गाडी विक्रोळीच्या पुढे गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं. घाटकोपरला जायला दादर लागत नाही. ती एकटीच हसली, समोरच्या मुलीने कानातला इअरफोन काढून तिच्याकडे बघितलं. मग तिला रडूही आलं, पण ते तिने आवरलं. घाटकोपर आलं, शकुचं घाटकोपर, वर मेट्रोचा डोलारा घेऊन उभं असलेलं. मालन उठली नाही.

एकटीने गाडी बदलायची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं ती काशीरामांच्या पाठीकडे बघून चालली होती. दादरच्या पुलावर तिने त्यांच्यासारखाच कठड्याचा आधार धरला, गर्दीला पुढे जाऊ दिलं, आणि दोघांना विचारून पश्चिम रेल्वेचा फलाट गाठला. पार्ल्याचा तो वास आता येत नाही असं सगळे म्हणतात. तिला तिथपर्यंत जायचंच नव्हतं.

खार रोडच्या पुलावर ती नेहमीच्या जागी उभी राहिली. तोच कोपरा. पलीकडे लिफ्टचं दार उघडझाप करत होतं, आधी ती नव्हती की त्यांच्या लक्षात आली नव्हती, कोण जाणे. मालनला वाटलं परत फिरावं. न बोलावता गेलो आणि विहीणबाईंनी ‘आता कशा आलात’ म्हटलं तर? प्रीतमच्याच चेहऱ्यावर आठी आली तर? घरी जाऊन काशीरामांना काय सांगायचं? पिशवीचे बंद तिने हाताभोवती दोनदा गुंडाळले. मग तिला बोट आठवली. आणि ती पायऱ्या उतरली.

रिक्षावाल्याने दांड्याच्या तोंडाशी सोडलं. गल्ली अरुंद, दोन्हीकडे घरं, ओट्यावर जाळ्याचा ढीग, वर बांबूंना बोंबील टांगलेले. एक म्हातारी जाळ्याची गाठ दातात धरून बसली होती. तिने मान वर केली.

“कोनाकडं गो बाय?”

मालन थबकली. इतक्या वर्षांत मुंबईत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“प्रीतमकडे.”

“धर्माचा जावय?”

“माझा मुलगा,” मालन म्हणाली.

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि दातातली गाठ सोडून हाक मारली, “ए मथुरा. तुजी विहीन आलीय गो.”

निळ्या दारातून मथुराबाई बाहेर आल्या. हात मासळीचे, पदर खोचलेला. त्यांनी ‘या’ म्हटलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता आलात? त्या दिवशी मी सुरमई तळून ठेवली होती ती.”

“कुठल्या दिवशी?” मालनला काही कळेना.

“आधी आत या. बसा. ए कल्पिता, पाणी आण.”

कल्पिता आतून धावत आली, पाया पडली, निधी तिच्या मागे लपून बघत होती. पाणी पिऊन होईपर्यंत मथुराबाईंना दम धरवला नाही.

“गेल्याच्या गेल्या दिवाळीआधीचा रविवार. जावई कामावरून येत होते, तर तुम्ही दोघं त्यांना पुलावर दिसलात. तिथेच थांबून हाक मारतील ना, तर नाही. रिक्षा पकडून घरी आले. धापा टाकत. आई-बाबा येतायत म्हणाले. मी जाऊन सुरमई आणली. आमच्या ह्यांनी शर्ट बदलला, जो हा माणूस लग्नाशिवाय बदलत नाही. आम्ही बसलोय वाट बघत. चार वाजले, पाच वाजले. शेवटी जावईच पुलावर जाऊन आले. तुम्ही नव्हता.”

मालनने पेला खाली ठेवला. त्या रविवारी काशीराम म्हणाले होते, चल, गाडी इली. नेहमीसारखंच.

“रात्री पोरगा जेवला नाही,” मथुराबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “म्हणाला, इथपर्यंत येऊन परत गेले. आता मी पण जाणार नाही.”

“आम्ही बोलावण्याची वाट बघत होतो, विहीणबाई,” मालन हळूच म्हणाली. “घर तुमचं ना. तुम्ही बोलावल्याशिवाय कसं यायचं?”

मथुराबाईंनी कपाळावर हात मारला, आणि हाताची खवलं कपाळाला लागली. “मुलाच्या आईबापाला कोण बोलावतं? मुलगा राहतो ते त्यांचंच घर. आम्ही म्हणतो, ह्यांना मासळीचा वास चालत नसेल.”

“आम्ही मालवणी माणसं,” मालन म्हणाली. “आम्हाला वास?”

कल्पिता आधी हसली. मग मथुराबाई. मालनला हसता हसता डोळे पुसावे लागले.

“आणि तो बोटीवर जातो म्हणाला,” तिने शेवटी विचारलं. घरातून निघाल्यापासून हेच विचारायचं होतं. “त्याला पोहता येत नाही हो.”

“गेला होता ना,” कल्पिता म्हणाली. “लाइफ जॅकेट घालून. ओकून ओकून अर्धा झाला. बाबांनी त्याला तासाभरात किनाऱ्याला आणून सोडला. परत नाव काढायचा नाही.”

दारात चपला वाजल्या. प्रीतम आला, हत्यारांची पिशवी खांद्यावर. आईला बघून तो तिथेच उभा राहिला. बोलला तेव्हा शब्द बापाचेच होते.

“एकटी आलीस? दादरला पूल नीट चढलीस ना?”

“कठडा धरून,” मालन म्हणाली. तो खाली बसला आणि त्याने आईच्या पिशवीत हात घालून सोलांची पुडी बाहेर काढली, लहानपणी काढायचा तशी.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

“पोचलंस?”

“पोचले.”

“शकु बरी आसा?”

“मी शकुकडे नाही.”

“माका ठाऊक आसा,” काशीराम म्हणाले. मग म्हणाले, “तो बोटीर जाता म्हणे?”

“आता नाही जात. ओकला.”

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. मालनने पुलावरच्या रविवाराचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते समोरासमोर सांगायचं होतं. तेवढ्यात धर्मा बाहेरून आले. मथुराबाईंनी त्यांना ढोसलं. त्यांनी हात पॅन्टला पुसले, फोन घेतला आणि ताठ उभे राहून, सभेत बोलावं तसं बोलले, “काशीरामभाऊ, मी धर्मा. बोलावणं आहे. येत्या रविवारी जेवायला. सुरमई.” एवढं बोलून त्यांनी फोन निखाऱ्यासारखा मालनच्या हातात परत दिला.

पलीकडून पंख्याचा आवाज ऐकू येत होता, मुलुंडच्या हॉलमधल्या.

“ऐकलंत ना?” मालन म्हणाली.

“ऐकलंय. पण गुडघे गो. पुलाचे जिने.”

“खारच्या पुलाला लिफ्ट आहे. मी बघितली आज.”

“लिफ्ट आसा?” काशीराम म्हणाले. मग एखाद्या नव्या स्टेशनाबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, “ती नुसती पुलापर्यंतच जाता, की पश्चिमेक खाली पण उतरता?”